नाणं ज्याच्या हातातलं, नाव त्याचं का नाही?

डाव्या हाताचा तळवा वर, अंगठा आणि बोटांच्या टोकांत धरलेलं एक नाणं. उजवा हात ते घ्यायला येतो. अंगठा नाण्याच्या खालून जातो, बोटं वरून. मूठ मिटते आणि उजवा हात दूर निघतो. बघणाऱ्याची नजर त्या मुठीमागे जाते. मूठ उघडली की आत काही नसतं, कारण उजव्या बोटांच्या आडोशाला नाणं सुटून डाव्या तळव्यातच पडलेलं असतं. नाण्याच्या जादूत इतकी सोपी हातचलाखी क्वचितच सापडेल, आणि इतकी वाईट केली जाणारीही. सोपी, कारण दोन बोटं सैल सोडायची एवढंच काम. वाईट, कारण शिकणारा सगळी मेहनत बोटांवर घेतो आणि डोळ्यांना विसरतो. उजव्या मुठीत नाणं आहे असं करणाऱ्यालाच क्षणभर वाटावं लागतं. त्याची स्वतःची नजर त्या मुठीमागे जावी लागते, आणि डावा हात रिकामा हात जसा सहज खाली येतो तसा यावा लागतो. हे जमायला काही जणांना वर्षं लागतात.

या चालीला फ्रेंच ड्रॉप म्हणतात. मराठीत जादू शिकवणारेही हेच नाव घेतात. इथे तिची कृती सांगितल्याने कुणाचं गुपित फुटलेलं नाही. दीडशे वर्षं ती मुलांच्या पुस्तकांतून छापली जाते आहे. मला बोलायचं आहे ते तिच्या नावाबद्दल आणि अशा नावांमधून दिसणाऱ्या एका अन्यायाबद्दल. हाताने करायच्या कलेचं श्रेय ती कागदावर उतरवणाऱ्याकडे जातं, ज्याच्या हातात ती घडली त्याच्याकडे जात नाही. जादूच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा झालं आहे. आणि ज्या समाजांनी आपली विद्या लिहिली नाही, फक्त करून दाखवली, त्यांच्या वाट्याला यातून काहीच आलेलं नाही. आपले गारुडी, मदारी, रस्त्यावरचे जादूगार हे अशाच समाजांतले आहेत.

१८७६ साली लंडनमध्ये ‘मॉडर्न मॅजिक’ हे पुस्तक निघालं. लेखक म्हणून नाव होतं प्रोफेसर हॉफमन. ते टोपणनाव. खरा माणूस अँजेलो जॉन लुईस, पेशाने बॅरिस्टर. पुस्तकातला मजकूर आधी मुलांच्या मासिकातून क्रमशः आला होता. पायरीपायरीने, आकृत्या काढून, शिकणाऱ्याच्या कुठे चुका होतील ते आधीच सांगत जादू शिकवायची, हे इंग्रजीत त्या तोडीने आधी झालं नव्हतं. नाण्यांच्या प्रकरणात आपली ही चाल ‘ल तूर्निके’ या फ्रेंच नावाखाली येते, आणि सोबत पुस्ती आहे की हिला कधीकधी फ्रेंच ड्रॉपही म्हणतात. म्हणजे नाव तोंडोतोंडी आधीच चालू होतं. हॉफमनने ते ठेवलं नाही, टिपून घेतलं. पुढे पुस्तकावर पुस्तकं निघाली, मूळ फ्रेंच नाव मागे पडलं आणि ‘कधीकधी’चं नाव कायमचं झालं.

फ्रेंच नावात देश नाही, हात फिरण्याची क्रिया आहे. देश जोडला तो शेजाऱ्याने. हे स्वाभाविकच होतं, कारण त्या काळात इंग्लंडमधल्या जादूची निम्मी परिभाषा पॅरिसहून येत होती. घड्याळजी म्हणून हात घडवलेला फ्रेंच जादूगार रोबेर-हूदँ १८४८ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात खेळ करून गेला होता. त्याचा १८६८ सालचा जादूच्या तंत्रावरचा ग्रंथ इंग्रजीत आणला तोही हॉफमननेच. तेव्हा ‘फ्रेंच’ या विशेषणात थोडा प्रामाणिकपणा आहे, हे मला मान्य आहे. आम्ही हे त्या लोकांकडून घेतलं, अशी ती कबुली आहे. पण ती कबुली देशाला दिलेली आहे, माणसाला नव्हे, आणि नाणं कुठल्याही देशाने बोटांतून सोडलेलं नसतं. ते कुणा एकाने, मग त्याच्याकडून शिकून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने सोडलेलं असतं.

माणसाचं नाव देणं शक्यच नव्हतं, असंही कुणी म्हणू नये. हॉफमनच्या जवळपास तीनशे वर्षं आधी, १५८४ मध्ये, केंट परगण्यातल्या रेजिनल्ड स्कॉट नावाच्या गृहस्थाने ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा हेतू जादू शिकवण्याचा नव्हता. चेटकीण ठरवून बायकांचा जीव घेतला जात होता, आणि त्याला दाखवायचं होतं की लोक ज्याला सैतानाची करणी समजतात त्यातलं बरंचसं हाताचं कसब आहे. म्हणून त्याने नाणी, चेंडू, पत्ते यांच्या चलाख्या उघड करून मांडल्या. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव बाबांचे चमत्कार स्वतः करून दाखवतात, त्यामागेही हाच विचार आहे. स्कॉटने आणखी एक गोष्ट केली. हे सगळं तो ज्यांच्याकडून शिकला त्यांतल्या एकाचं नाव त्याने लिहून ठेवलं: जॉन कॉतार. जन्माने फ्रेंच, लंडनच्या सेंट मार्टिन्स भागात राहणारा, जादूवर नव्हे तर हातांच्या कष्टावर पोट भरणारा. आज हयात असलेल्यांत याच्याइतका सफाईदार हात दुसऱ्या कुणाचा नसावा, असं स्कॉट त्याच्याविषयी सांगतो.

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. कॉतारने काही लिहिलं नाही. स्कॉटने त्याचं नाव घेतलं नसतं तर तो माणूस काळाच्या पोटात गेला असता आणि ‘एक फ्रेंच मनुष्य’ एवढंच उरलं असतं. त्याच वर्षी, १५८४ मध्येच, फ्रान्सच्या लियाँ शहरात झाँ प्रेव्होचं हातचलाख्यांचं पुस्तक निघालं. युरोपातल्या छापील जादूची सुरुवातच अशी फ्रेंच हातांशी बांधलेली आहे. आणि लंडनमध्ये राहणारा एक कष्टकरी फ्रेंच माणूस इंग्रजी ग्रंथाला नाण्याची विद्या पुरवतो, हे नावानिशी नोंदलेलं आहे. स्कॉटने जे शिष्टाचाराने केलं ते पुढच्या तीन शतकांतल्या बहुतेकांनी केलं नाही.

पुढे नावं पडत गेली ती बहुधा पुस्तकांवरून आणि जाहिरातींवरून. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात टी. नेल्सन डाउन्स नावाचा रेल्वेचा तारमास्तर होता, १८६७ सालचा जन्म. नाणी हातात घोळवत त्याने असं कसब कमावलं की केवळ नाण्यांवर उभा केलेला खेळ घेऊन तो १८९९ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात पोचला आणि स्वतःला नाण्यांचा राजा म्हणवू लागला. हवेतून एकामागून एक नाणी काढून उंच टोपीत टाकायची, हा त्याचा गाजलेला खेळ. त्याला त्याने ‘माइझर्स ड्रीम’ म्हटलं, आणि आज सगळं जग तेच म्हणतं. पण हवेतून नाणी काढण्याचा खेळ रोबेर-हूदँच्या ग्रंथात आहे, हॉफमनच्या पुस्तकातही आहे, दोन्हीकडे ‘पैशांचा पाऊस’ अशा नावाने. डाउन्सचं मोठेपण खरं आहे. त्याच्यासारखा हात त्याच्या आधी क्वचितच कुणी पाहिला असेल. तरी १९०० साली त्याच्या नावावर आलेलं नाण्यांचं पुस्तक विल्यम हिलियारने सिद्ध केलं होतं, आणि १९०९ सालचं दुसरं जॉन नॉर्दर्न हिलियार्डने. करणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, खेळ दोघांच्याही आधीचा, आणि नाव मात्र एकच उरलेलं.

नामकरण नीट झाल्याची उदाहरणंही आहेत. स्कॉटलंडमधल्या एअर गावात जॉन रॅमझी नावाचा किराणा दुकानदार होता. हातात नाणं लपलेलं असताना तो हात बघणाऱ्याला रिकामा वाटावा अशी बोटांची एक ठेवण त्याच्या नावाने ओळखली जाते. ज्यांनी त्याला ते करताना पाहिलं त्या समव्यवसायिकांनीच त्याचं नाव लावलं. हे योग्य झालं.

पूर्वेकडच्या नावांचं मात्र फार वाईट झालं. नाणं ठेवायची एक गोल, झाकणाची डबी जादूगारांत प्रसिद्ध आहे. तिला ओकितो डबी म्हणतात. ओकितो हे नाव ऐकून कुणालाही जपानी माणूस डोळ्यांसमोर येईल. तो थिओडोर बॅम्बर्ग नावाचा डच जादूगार होता. तोकियो या शहराच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून त्याने ओकितो बनवलं आणि जपानी-चिनी झगे घालून खेळ केले. त्याहून मोठं प्रकरण चुंग लिंग सू याचं. चिंग लिंग फू या अस्सल चिनी जादूगाराने १८९८ च्या सुमारास अमेरिकेत धुमाकूळ घातला. ते पाहून विल्यम रॉबिन्सन या न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या गृहस्थाने नावापासून वेणीपर्यंत सगळं सोंग उचललं, आणि पुढे रंगमंचावर तो इंग्रजी बोलायचंही टाळू लागला. १९०५ साली दोघे एकाच वेळी लंडनमध्ये होते. खऱ्याने तोतयाला जाहीर आव्हान दिलं, आणि लंडनकर तोतयाच्याच बाजूला राहिले. १९१८ मध्ये बंदुकीची गोळी झेलण्याच्या खेळात गोळी खरोखर लागून रॉबिन्सन गेला, तोवर त्याच्या बहुतेक प्रेक्षकांना तो चिनीच वाटत होता.

आणि तरीही काही खरी पूर्वेकडची नावं नाण्यांवर टिकली. टेबलाच्या आरपार नाणी जाण्याच्या खेळातली एक चाल हान पिंग चिएन या चिनी जादूगाराच्या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने पश्चिमेत जाऊन खेळ केले होते. जे. बी. बोबोच्या १९५२ सालच्या ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ या नाण्यांच्या सगळ्यांत प्रसिद्ध पुस्तकात ती त्याच नावाने आहे. जपानचे तेनकाई यांचं नावही असंच राहिलं. ते वर्षानुवर्षं अमेरिकेत होते, तिथल्या जादूगारांत वावरत होते. दोघांच्या बाबतीत घडलं ते एकच: लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर त्यांनी हात चालवले. जे बीजिंगच्या किंवा हैदराबादच्या रस्त्यावर राहिले त्यांच्या बोटांना नाव मिळालं नाही.

यावर कुणी म्हणेल, नावाचं एवढं काय? चाल चालली म्हणजे झालं. हा युक्तिवाद जादूच्या बाबतीत टिकत नाही, कारण जादूगाराकडे मालकी म्हणून नावाखेरीज काही नसतं. कुणाची चाल चोरली तर कोर्ट फारसं मदतीला येत नाही. पेटंट घ्यावं तर पेटंटच्या कागदात कृती उघड लिहावी लागते. बाई कापण्याच्या खेळासाठी होरेस गोल्डिनने १९२३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं. पुढे एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत तो खेळ उघड केला. गोल्डिन कोर्टात गेला आणि १९३८ मध्ये हरला. गुपित त्याने पेटंटद्वारे स्वतःच जाहीर केलं होतं. टेलर या अमेरिकन जादूगाराने २०१४ मध्ये एक खटला जिंकला खरा, पण तो युक्तीसाठी नव्हता. गुलाबाच्या सावलीचा त्याचा खेळ नाट्यकृती म्हणून नोंदलेला होता, म्हणून जिंकला. नाणं बोटांतून सोडण्याच्या अर्ध्या सेकंदाला असं कोणतंही कवच नाही. म्हणून जादूगारांनी स्वतःचा शिष्टाचार घडवला: शिकवताना, लिहिताना, ही चाल कुणाची ते सांगायचं. या शिष्टाचारावर त्यांच्यात भांडणं होतात, मैत्र्या तुटतात. बाहेरच्याला ती क्षुल्लक वाटतील. मला वाटत नाहीत. त्या माणसाची सगळी कमाई त्या एका ओळीत असते.

गेल्या काही दशकांत या शिष्टाचाराला शिस्त आली आहे. अभ्यासक प्रत्येक चालीचा माग काढतात, सर्वांत जुना छापील उल्लेख शोधतात आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवतात. हे काम निष्ठेने चाललं आहे आणि त्यामुळे कितीतरी खोटे दावे गळून पडले आहेत. माझी तक्रार त्या अभ्यासकांच्या प्रामाणिकपणाबद्दल नाही. तक्रार त्यांच्या कसोटीबद्दल आहे. छापील उल्लेख हाच जन्माचा दाखला मानला, की ज्यांच्या भाषेत, ज्यांच्या जातीत, ज्यांच्या धंद्यात छपाई पोचलीच नाही ते सगळे आपोआप नकलाकार ठरतात.

भारताच्या बाबतीत तर छपाईने उलटाच उद्योग केला. १८९० साली शिकागो ट्रिब्यूनमध्ये बातमी आली की एका भारतीय फकिराने दोरी हवेत उभी केली आणि तिच्यावर चढून मुलगा नाहीसा झाला. ती जॉन विल्की या बातमीदाराची बनावट होती. काही महिन्यांनी वर्तमानपत्राने तसं कबूलही केलं. पण कबुली कुणी वाचली नाही, आणि ‘इंडियन रोप ट्रिक’ हे नाव जगभर झालं. जो खेळ शिकागोतल्या टेबलावर रचला गेला त्याला आपल्या देशाचं नाव मिळालं. आपल्या घरोघरी पत्ते ज्या पद्धतीने पिसतात तिच्याशी नातं असलेल्या पिसणीला पाश्चात्त्य पुस्तकांत ‘हिंदू शफल’ म्हणतात. तिथेही माणूस नाही, एका अवाढव्य लोकसमूहाचं लेबल आहे. आणि जेव्हा माणूस होता तेव्हा काय झालं? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामो सामी या नावाने एक दक्षिण भारतीय कलावंत इंग्लंड गाजवत होता. मूळ नाव रामस्वामी असावं; इंग्रज जिभेवर त्याचं हे झालं. १८५० मध्ये तो लंडनमध्ये वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीसाठी पत्नीला वर्गणीचं आवाहन करावं लागलं.

आपल्याकडच्या रस्त्यावरच्या जादूचं तंत्र पाश्चात्त्य रंगमंचापेक्षा वेगळं आहे, आणि ते का वेगळं आहे हे समजून घेतलं तर त्याची नोंद का हवी तेही कळतं. फ्रेंच ड्रॉप समोर बसलेल्यासाठी आहे. मागे किंवा चुकीच्या बाजूला उभा असलेला माणूस पडतं नाणं पाहू शकतो. मदारी मात्र उकिडवा बसतो, जमिनीवर फडकं अंथरतो, आणि माणसं त्याच्या चारी बाजूंना उभी असतात. टेबल नाही, पडदा नाही, कोटाच्या लांब बाह्या नाहीत. त्याच्या वाट्या उथळ, लाकडी, माथ्यावर दांडी असलेल्या. ती दांडी दोन बोटांत धरून वाटी उचलायची आणि बाकीची बोटं मोकळी ठेवायची. उस्ताद आणि जमूऱ्याची अखंड चालणारी बडबड हीसुद्धा तंत्राचाच भाग, कारण तिच्या एका शब्दावर पन्नास माणसं एका दिशेला बघतात. पन्नास नजरा चारी बाजूंनी सांभाळत नाणं लपवायचं, हे रंगमंचावर नाणं लपवण्यापेक्षा अवघड आहे. या विद्येत चाली असणारच, त्यांना बोलीतली नावं असणार, कुणा उस्तादाने शोधलेली एखादी धरण्याची रीत तीन पिढ्या चालत आलेली असणार. आपल्या भाषांत त्याची नोंद जवळजवळ नाही. दिल्लीच्या मदाऱ्यांमध्ये राहून त्यांच्यावर गाजलेला ग्रंथ लिहिला तो ली सीगल या अमेरिकन संस्कृततज्ज्ञाने, १९९१ मध्ये. त्या मदाऱ्यांची दिल्लीतली एक मोठी वस्ती, कठपुतली कॉलनी, २०१७ मध्ये पाडली गेली.

मौखिक परंपरेत श्रेय टिकतच नाही, हे म्हणणं आपण तरी मान्य करू नये. ‘तुका म्हणे’, ‘नामयाची जनी’, ‘चोखा म्हणे’ ही नावं ओवी-अभंगांत शेवटच्या चरणात विणलेली आहेत. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानेही गाताना रचणाऱ्याचं नाव घेतलं, कारण नाव काढलं तर चरणच मोडतो. ख्यालाच्या बंदिशीत ‘सदारंग’ आलं की न्यामत खाँ समोर उभे राहतात. शब्दाच्या आणि सुराच्या कलेत आपल्या पूर्वजांनी श्रेयाची सोय कागदाशिवाय केली होती. बोटांच्या चालीत नाव विणायला जागा नाही, एवढाच फरक. ती जागा बाहेरून करावी लागेल, आणि ते काम समाजाचं आहे.

इथे प्रश्न जादूगारांच्या आपापसातल्या भांडणापुरता राहत नाही. तो आपल्या कायद्यांपर्यंत येतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताची व्याख्या आहे. तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, हातचलाखी करणारा, जादूगार आणि गारुडी यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्कही मिळाला. संसदेने गारुड्याला शब्दाने कलावंत म्हटलं आहे, नावाचा हक्क दिला आहे. मला याचा अभिमान वाटतो. फार थोड्या लोकांना हे कलम माहीत आहे.

आता दुसरा कायदा पाहा, आपल्याच राज्यातला. मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियम, १९५९. त्यात भीक मागण्याची व्याख्या करताना म्हटलं आहे की सार्वजनिक जागी पैसे मागणं किंवा घेणं, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणं अशा कोणत्याही बहाण्याने असो. म्हणजे चौकात नाण्याचा खेळ करून टोपी पुढे करणारा जादूगार हा कायद्याच्या लेखी कलावंत नाही. त्याची कला हा भीक मागण्याचा बहाणा आहे. शिक्षा म्हणजे पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, आणि पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. हाच कायदा दिल्लीला लागू केलेला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं घटनाबाह्य ठरवून रद्द केली. जिथे तो जन्मला त्या महाराष्ट्रात मात्र तो कायम आहे.

दोन हजार वर्षांमागच्या कौटिल्याकडे याहून जास्त समज होती. अर्थशास्त्रात नट, नर्तक, गायक, वादक, दोरीवर आणि उड्यांवर खेळ करणारे, आणि सौभिक म्हणजे मायावी खेळ दाखवणारे, यांची एकत्र यादी येते. बाहेरगावहून खेळ करायला आलेल्या मंडळींनी खेळापोटी पाच पण, म्हणजे त्या काळची पाच नाणी, भरावीत, असं तो सांगतो. तो त्यांच्यावर देखरेख ठेवतो, कर घेतो, त्यांना शहाणपणाने संशयाने पाहतो. पण ज्याच्याकडून कर घ्यायचा तो धंदा करणारा असतो. भिकाऱ्याकडून कुणी कर घेत नाही.

माझ्यावर एक आक्षेप येईल तो जादूगारांकडूनच. नोंदी करायच्या म्हणजे गुपितं फोडायची, आणि ज्यांचं पोट गुपितावर आहे त्यांच्याच पोटावर पाय द्यायचा. हा आक्षेप गंभीर आहे. पण नाव नोंदवायला कृती उघड करावी लागत नाही. अमुक चालीला आमच्यात अमुक म्हणतात, ती मी अमुक उस्तादाकडून शिकलो, तो अमुक गावचा, त्याने ती आपल्या मामाकडून घेतली, एवढं सांगितलं तर गुपित सुरक्षित राहतं आणि साखळी वाचते. कृतीचं चित्रण वेगळं, बंद, त्या कुटुंबाच्या संमतीशिवाय न उघडणारं ठेवता येतं. दुसरा आक्षेप असा की एका चालीचा एकच जनक सापडणार नाही. सापडू नये. फ्रेंच ड्रॉपचाही नाही. मला जनक नको आहे. मला कॉतार हवे आहेत: ज्यांच्याकडून शिकलो ती माणसं, नावगावासकट.

हे काम कोण करू शकेल? मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. तमाशा, भारूड, गोंधळ यांच्याबद्दल तिथे अभ्यास होतो; त्यात हातचलाखीची जागा नसावी असं काही कारण नाही. मराठी माणसाला जादूगार म्हटलं की रघुवीर आठवतात. रघुवीरांच्या रंगमंचाला आपण जी आस्था दिली, तिचा एक हिस्सा चौकातल्या फडक्याला मिळायला हवा. जादूचे वर्ग चालवणाऱ्यांनी फ्रेंच ड्रॉप शिकवताना चार वाक्यं हॉफमन, कॉतार आणि आपल्या उकिडव्या बसणाऱ्या उस्तादांबद्दल सांगावीत. मुलांना ती आवडतील.

पण त्याआधी विधिमंडळाने १९५९ च्या व्याख्येतून गाणं, नाच आणि खेळ करून दाखवणं हे शब्द काढावेत. अकादमीचा अभ्यासक वही घेऊन चौकात जाईल आणि मदाऱ्याला त्याचं नाव, गाव, उस्ताद विचारेल, तेव्हा तो माणूस आधी वही बघणार नाही. हा पोलिसांकडचा आहे का, हे तो बघेल. आजच्या कायद्यात त्याची भीती खरी आहे. ती असेपर्यंत तो खरं नाव सांगणार नाही, आणि त्याने सांगावं अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकारही नाही.